डाऊन सिंड्रोम आणि संगीतोपचार : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक आढावा

डाऊन सिंड्रोम हा रोग नसून बहुतेक वेळा गर्भधारणेच्या वेळीच ठरून जाणारी जनुकीय अवस्था आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे एकूण ४६ गुणसूत्रे असतात. या अवस्थेत एकविसाव्या जोडीत दोनऐवजी तीन गुणसूत्रे असतात आणि त्या जादा गुणसूत्रावरील जनुकांच्या वाढीव कार्यामुळे शरीराच्या व मेंदूच्या घडणीत काही ठरावीक बदल होतात. सुमारे ९५ टक्के व्यक्तींमध्ये प्रत्येक पेशीत एक पूर्ण गुणसूत्र जादा असते, तीन-चार टक्क्यांमध्ये त्याचा तुकडा दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला जोडलेला आढळतो, ज्याला स्थानांतरण म्हणतात, आणि उरलेल्या थोड्या व्यक्तींमध्ये काही पेशी ४६ तर काही ४७ गुणसूत्रांच्या, अशी मिश्र रचना असते. जगभरात साधारणपणे सातशे ते हजार जन्मांमागे एक, असे तिचे प्रमाण सांगितले जाते, आणि धर्म, जात, प्रांत किंवा आर्थिक स्थिती यांचा त्या प्रमाणाशी संबंध नाही.

या अवस्थेचे पहिले नेटके वर्णन जॉन लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ मध्ये केले. त्यांनी ते मानववंशांच्या वर्गीकरणाच्या चुकीच्या चौकटीत बसवले आणि त्यातूनच एका आशियाई लोकसमूहाच्या नावाने या मुलांना संबोधण्याची प्रथा पडली. १९६१ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने तिला आक्षेप घेतला आणि १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती सोडून दिली. खरे कारण कळायला १९५९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी फ्रान्समधील जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमाँ तुरपँ यांनी एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत दाखवून दिली. डाऊन यांचे वर्गीकरण टाकाऊ ठरले, तरी त्यांचे एक निरीक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे : ही मुले अनुकरणात विलक्षण तरबेज असतात, असे त्यांनी त्याच निबंधात नोंदवले होते. पुढे लंडनजवळ नॉर्मन्सफील्ड येथे त्यांनी अशा मुलांसाठी जी संस्था चालवली, तिच्यात १८७९ मध्ये रंगमंचासह एक सभागृह बांधले गेले. संगीत आणि नाट्य हे या मुलांच्या दिनक्रमाचे अंग असावे, ही कल्पना म्हणजे आधुनिक संगीतोपचारापेक्षा बरीच जुनी आहे.

जाणीवजागृतीचा प्रश्न सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत थोडा वेगळ्या रूपात उभा राहतो, कारण येथे अज्ञानाइतकाच चुकीच्या स्पष्टीकरणांचा अडसर आहे. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, काहीतरी वर्ज्य खाल्ले, घराण्यात कोणाचा तरी दोष होता, अशी कारणे सांगितली जातात आणि त्यांतील बहुतेकांचा रोख आईवर असतो. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी विवाह होण्याची रूढी असल्यामुळे 'नात्यात लग्न झाले म्हणून' हे आणखी एक कारण पुढे येते आणि ते वैज्ञानिक भाषेसारखे वाटत असल्याने सुशिक्षितांनाही पटते. नात्यातील विवाहाने काही अप्रभावी जनुकीय आजारांचा धोका वाढतो हे खरे आहे. परंतु डाऊन सिंड्रोम बहुतांश वेळा बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी नीट विलग न झाल्याने उद्भवतो आणि ती घटना कोणत्याही जोडप्यात घडू शकते. आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते, पस्तिसाव्या वर्षी ती साडेतीनशेत सुमारे एक आणि चाळिसाव्या वर्षी शंभरात सुमारे एक इतकी असते. तरीही ज्या समाजात बहुतेक बाळंतपणे विशी-पंचविशीत होतात, तेथे अशी बहुतेक मुलेही तरुण मातांनाच होतात, आणि 'वय झालेले नसताना असे कसे' हा प्रश्न म्हणूनच गैरलागू ठरतो. अनुवंशाचा खरा प्रश्न फक्त स्थानांतरणाच्या प्रकारात येतो, कारण त्यात आई किंवा वडील वाहक असू शकतात. त्यामुळे मुलाची गुणसूत्र-तपासणी करून प्रकार निश्चित करणे पुढील गर्भधारणेच्या सल्ल्यासाठी आवश्यक असते. चेहऱ्यावरून ओळख पटली की तपासणीची गरज उरली नाही, हा समज म्हणून महागात पडू शकतो.

शासकीय पातळीवर या अवस्थेची दखल राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने घेतली आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथून, या कार्यक्रमाची सुरुवात झाली आणि जन्मजात दोषांच्या त्याच्या यादीत डाऊन सिंड्रोमचा नावानिशी समावेश आहे. प्रसूतीच्या ठिकाणी बाळाची तपासणी, आशा कार्यकर्तीची घरभेट, फिरत्या पथकाकडून अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी, आणि मग जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणी, अशी ही साखळी आहे. माण, खटाव, जत, आटपाडी यांसारख्या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडीच्या हंगामात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचा विचार केल्यास मात्र तिचा दुबळा दुवा कळतो : पाठवणी कागदावर होते, पण केंद्रात आठवड्या-आठवड्याला हजेरी लावणे कुटुंबाच्या हाती नसते. लवकर निदान ही केवळ औपचारिकता नव्हे. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना जन्मजात हृदयविकार असतो आणि त्यासाठी पहिल्या महिन्यातच हृदयाची प्रतिध्वनी-तपासणी, म्हणजे इको, करावी लागते; थायरॉइड ग्रंथीची मंदता वारंवार आढळते, म्हणून तिची चाचणी पहिल्या वर्षात दोन-तीनदा व पुढे दरवर्षी करण्याची शिफारस आहे. सरासरी आयुर्मान १९८३ च्या सुमारास प्रगत देशांतही २५ वर्षांच्या आसपास होते आणि आज ते तेथे साठीच्या घरात गेले आहे. याचे मोठे श्रेय हृदयशस्त्रक्रियेला आणि ही मुले संस्थांत न टाकता घरात वाढू लागली या बदलाला द्यावे लागते.

संगीताच्या उपयोगाकडे वळण्यापूर्वी या मुलांचे कान, तोंड आणि स्मरण यांची वैशिष्ट्ये पाहावी लागतात, कारण संगीतोपचाराचे समर्थन आणि त्याच्या मर्यादा दोन्ही तेथेच दडलेल्या आहेत. कानाच्या नलिका अरुंद असल्याने मधल्या कानात चिकट द्राव साठतो आणि ऐकू येणे कमी-जास्त होत राहते. डाऊन सिंड्रोम असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्तींना आयुष्यात कधी ना कधी श्रवणदोष जाणवतो. तोंडाची पोकळी लहान, जीभ आणि ओठ यांचे स्नायू सैल, त्यामुळे उच्चार अस्पष्ट होतात. मुलाला समजते पुष्कळ, परंतु बोलून दाखवता येते त्याहून खूप कमी, आणि या तफावतीमुळेच घरचे व शिक्षक त्याच्या आकलनाला कमी लेखतात. ख्रिस्तोफर जॅरल्ड आणि ॲलन बॅडली यांनी १९९७ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे कानाने ऐकलेले शब्द थोडा वेळ मनात धरून ठेवण्याची क्षमता या मुलांत विशेष क्षीण असते, तर डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींची तात्पुरती स्मृती तुलनेने शाबूत राहते. ज्या उपचारपद्धतीत ऐकणे, पाहणे आणि हालचाल एकत्र येतात आणि तीच छोटी ओळ पुन्हापुन्हा येते, ती अशा मुलांना का मानवते, याचे उत्तर या निष्कर्षात आहे.

संगीतोपचार म्हणजे गाणी लावून मुलाला ऐकवणे नव्हे, आणि गायन-वादन शिकवणेही नव्हे. प्रशिक्षित व्यक्तीने मुलाच्या एखाद्या ठरलेल्या गरजेसाठी, उदाहरणार्थ पाळी धरून बोलणे, ओठ मिटून 'प' आणि 'म' उच्चारणे किंवा पाय न अडखळता चालणे, संगीताचा साधन म्हणून केलेला आणि वेळोवेळी मोजमाप ठेवलेला उपयोग म्हणजे संगीतोपचार. व्यवसाय म्हणून त्याची घडी विसाव्या शतकाच्या मध्यात बसली. अमेरिकेत मिशिगन येथे १९४४ मध्ये पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, इंग्लंडमध्ये ज्युलिएट अल्विन यांनी १९५८ मध्ये संघटना उभारली आणि पुढच्याच वर्षी पॉल नॉर्डॉफ व क्लाइव्ह रॉबिन्स यांनी विशेष मुलांबरोबर उत्स्फूर्त वादनाची आपली पद्धत विकसित करण्यास आरंभ केला. शिकवणी आणि उपचार यांतला फरक आपल्याकडे आवर्जून सांगावा लागतो, कारण येथील संगीतवर्गांचे सगळे वेळापत्रक प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षांभोवती फिरते आणि परीक्षा हे त्या वर्गाचे उद्दिष्ट असते, तर उपचाराच्या तासात मुलाने सूर चुकवला तरी फिकीर नसते, त्याने समोरच्याकडे पाहून आपली पाळी ओळखली एवढेच नोंदवायचे असते.

पुराव्याचा प्रश्न मोकळेपणाने मांडणे गरजेचे आहे. डाऊन सिंड्रोमच्या मुलांना 'उपजतच संगीताचे वेड असते' हे विधान दीडशे वर्षे फिरत आले आहे. ते कौतुकाचे असले तरी सरसकट आहे, आणि प्रत्येक मूल ढोलकी वाजताच नाचू लागेल अशी अपेक्षा ठेवणे हे त्या मुलाच्या स्वतंत्र आवडीनिवडीवर अन्याय करणारे आहे. ब्रायन स्ट्रॅटफर्ड आणि एथेल चिंग यांच्या १९८३ च्या छोट्या अभ्यासात लयीचे नमुने ऐकून ठोकून दाखवण्यात ही मुले आपल्याच मानसिक वयाच्या इतर मुलांच्या मागे नसल्याचे दिसले. म्हणजे लयीची जाण ही त्यांची असामान्य देणगी नसली, तरी बोलण्याच्या तुलनेत ती बरीच टिकून राहिलेली शक्ती आहे. त्यानंतरचे बरेच अभ्यास मोजक्या मुलांवर झालेले आहेत. स्वमग्नतेच्या क्षेत्रात मात्र नऊ देशांतील ३६४ मुलांवर मोठी चाचणी झाली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत उत्स्फूर्त संगीतोपचाराने स्वमग्नतेच्या लक्षणांची तीव्रता लक्षणीय कमी झाल्याचे आढळले नाही. ही बाब डाऊन सिंड्रोमला जशीच्या तशी लागू होत नाही, पण संगीतोपचाराकडून अवस्थेचे मूळ बदलण्याची अपेक्षा धरणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. अमुक राग अमुक व्याधीवर, असे कोष्टक छापून विकणाऱ्या 'रागचिकित्से'ला तर या मुलांच्या बाबतीत काहीच आधार नाही. तिसरे गुणसूत्र भैरवीने जात नाही. संगीताचे लाभ वेगळे आणि मर्यादित आहेत, आणि मर्यादित असल्यामुळेच ते मोजता येतात.

या लाभांची चर्चा पाश्चात्त्य वाद्यांच्या संदर्भात होते, तेव्हा येथील परंपरेत तयार असलेली साधने नजरेआड होतात. तबल्याच्या शिक्षणात बोल हाताने वाजवण्याआधी तोंडाने म्हटले जातात, त्याला पढंत म्हणतात. धा, धिं, ना, तिं, त्रक, गे, के या अक्षरांत दंत्य, मूर्धन्य आणि कंठ्य व्यंजने ठरावीक क्रमाने व ठरावीक वेगाने येतात, आणि वाचा-उपचारतज्ज्ञ जिभेच्या टोकाचा व मागच्या भागाचा जो व्यायाम घडवून आणू पाहतात, तो येथे लयीच्या आधाराने आपोआप होतो. ओठांच्या व्यंजनांची उणीव मात्र या बोलांत जाणवते आणि ती पिपाणी, पुंगी किंवा बासरीच्या फुंकरीने व गाण्यातील 'पा' आणि 'मा' यांनी भरून काढावी लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट तालाच्या क्रियेत आहे. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर हात उलटा करून दाखवायची खाली, अशी योजना असते. काळ ही कानाला पकडायला अवघड गोष्ट येथे हाताच्या खुणेने डोळ्यांना दिसते, आणि दृश्य स्मृती ज्यांची तुलनेने शाबूत आहे अशा मुलांसाठी इतकी सोयीची पद्धत मुद्दाम शोधूनही सापडली नसती. आरंभी त्रितालाऐवजी आठ मात्रांचा भजनी ठेका किंवा केरवा घेणे शहाणपणाचे ठरते.

भजनी मंडळाची रचनाही अशीच उपयुक्त आहे. एक जण चरण म्हणतो, बाकीचे टाळकरी ध्रुवपद उचलतात. पोवाड्यात आणि गोंधळात झीलकरी हेच काम करतात. लहान ओळ, लगेच पुनरावृत्ती, सगळ्यांबरोबर म्हणण्याचा आधार, आणि आपली पाळी कधी येणार याची स्पष्ट खूण, या चार गोष्टी क्षीण शब्दस्मृतीला पूरक असतात. ओळीचा शेवटचा शब्द गायकाने मुद्दाम सोडून द्यायचा आणि मुलाने तो भरायचा, ही तर जगभरच्या संगीतोपचारात वापरली जाणारी युक्ती आहे. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा सातारा जिल्ह्यातून प्रवास करते आणि तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाशी पहिले उभे रिंगण होते. या वाटेवरच्या गावांत टाळ-मृदंग ऐकल्याशिवाय मोठे झालेले मूल सापडणे कठीण, म्हणजे उपचाराची सामग्री मुलाच्या कानांवरून आधीच गेलेली असते. जात्यावरच्या ओवीची संथ, लांबवलेली स्वरांची चाल बोलण्याचा वेग कमी करून प्रत्येक अक्षराला जागा देते, म्हणून आजीच्या ओवीलाही येथे स्थान आहे.

हालचालीच्या बाबतीत लेझीम हे येथील शाळांमधले सर्वांत सहज उपलब्ध साधन होय. स्नायूंच्या शिथिलतेमुळे ही मुले सरासरीने दोन वर्षांची झाल्यावर चालू लागतात आणि पुढेही दोन्ही हातांचा व पायांचा मेळ बसायला वेळ लागतो; हलगीच्या ठोक्यावर पाऊल टाकणे आणि त्याच वेळी लेझीम उघडणे-मिटणे यात शरीराच्या दोन्ही बाजूंचा समन्वय घडतो. येथे एक सावधगिरी अटळ आहे. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधील सांधा या व्यक्तींपैकी काहींत सैल असतो, म्हणून मान झटकणे, कोलांट्या मारणे किंवा धनगरी गजीनृत्यातील वेगवान झुकाव जसेच्या तसे करून घेणे टाळावे, आणि चालीत अचानक बदल, मान दुखणे किंवा हातापायांत कमजोरी दिसल्यास तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. तशीच दुसरी अट कानांची. ज्या मुलाच्या कानात द्राव साठला आहे त्याला मंद तंबोरा ऐकू येत नाही, आणि मग तो 'लक्ष देत नाही' असा शेरा मिळतो. श्रवण-तपासणीशिवाय सुरू केलेला संगीतोपचार हा वेळेचा अपव्यय ठरू शकतो.

परिसराचा विचार केला तर साधनांची वाण नाही. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेले रुग्णालय आणि १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे त्या शहराला वैद्यकनगरी म्हटले जाते. त्याच शहरात सतार आणि तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली असून २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य तेथेच होते आणि ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मृतीने दरवर्षी संगीतसभा होते. सातारा जिल्ह्यात औंधचा संगीत महोत्सव १९४० पासून चालू आहे. विष्णु दिगंबर पलुसकर यांची कहाणी तर या विषयाला थेट भिडते. बालपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टी दुखावल्यावर ते उपचारांसाठी मिरजेत आले, शालेय शिक्षण अशक्य झाल्याने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायन शिकू लागले आणि पुढे १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. वैद्यक आणि संगीत यांची गाठ एका अपंगत्वाच्या निमित्ताने मिरजेत शतकाहून अधिक काळापूर्वी पडली होती. आज मात्र शहराच्या या दोन बाजू एकमेकींच्या शेजारी राहूनही क्वचितच भेटतात, आणि या परिसरातील संगीतोपचाराची खरी अडचण पैशाआधी ही आहे.

या तुटकपणाला व्यवस्थेचाही हातभार आहे. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याखाली विशेष शिक्षक, वाचा व श्रवणतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी होते, पण संगीतोपचारतज्ज्ञ असा स्वतंत्र नोंदणीवर्ग तीत नाही. परिणामी चार दिवसांच्या शिबिराच्या प्रमाणपत्रावरही कोणी स्वतःस तज्ज्ञ म्हणवू शकतो आणि पालकांकडे पारखण्याचे साधन राहत नाही. अशा स्थितीत व्यवहार्य मार्ग संयुक्त कामाचा दिसतो : उद्दिष्ट वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षकाने ठरवावे, माध्यम स्थानिक तबलजी, पेटीवादक वा भजनी बुवांनी पुरवावे, आणि नोंद दोघांनी मिळून ठेवावी. महाराष्ट्रात अशा भागीदारीला पूर्वपीठिका आहे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ मध्ये एका पालक दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी सुरू केली आणि पुण्याची कामायनी १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांनी. दोन्हीकडे कामाचा आरंभ शासनाच्या आदेशाने झाला नव्हता. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बौद्धिक दिव्यांगतेला २१ प्रकारांत स्थान दिले, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा-संरक्षण उपलब्ध झाले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग निर्माण केला. जनमानसावर मात्र या कायद्यांपेक्षा महेश लिमये यांच्या २०१४ च्या 'यलो' या चित्रपटाचा परिणाम अधिक झाला असावा, कारण त्यात डाऊन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि प्रेक्षकांना प्रथमच अशी व्यक्ती दयेच्या चौकटीबाहेर दिसली. दरवर्षी २१ मार्चला, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रतींची आठवण देणाऱ्या तारखेला, संयुक्त राष्ट्रे २०१२ पासून जागतिक डाऊन सिंड्रोम दिन पाळतात. त्या दिवशीच्या स्नेहसंमेलनात मुलांना मंचावर नाचवून टाळ्या घेणे हे जाणीवजागृतीचे सर्वांत स्वस्त रूप असून वर्षभराच्या साप्ताहिक तासाची जागा ते घेऊ शकत नाही.

आयुर्मान वाढल्याने निर्माण झालेला प्रश्न अजून चर्चेच्या कडेलाच आहे. अठरा वर्षांनंतर विशेष शाळा संपते, मुलगा-मुलगी घरी बसतात, आई-वडील थकत जातात. पालकत्वाची कायदेशीर व्यवस्था राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडून करून घेता येते, हे ग्रामीण कुटुंबांना बहुधा माहीत नसते. या वयात गावाचे भजनी मंडळ हे प्रौढ व्यक्तीला आठवड्यातून एकदा ठरलेली जागा, ठरलेले काम आणि समवयस्कांची सोबत देऊ शकणारे जवळपास एकमेव ठिकाण उरते. एकविसाव्या गुणसूत्रावरच अमायलॉइड प्रथिनाच्या पूर्वरूपाचे जनुक असल्यामुळे अल्झायमरचा स्मृतिभ्रंश या व्यक्तींना इतरांपेक्षा बऱ्याच लवकर, कित्येकदा पन्नाशीतच, गाठतो आणि बोलणे आधीपासूनच कमी असल्याने तो लक्षात येण्यास उशीर होतो. अशा वेळी वर्षानुवर्षे बिनचूक टाळ धरणारा सोबती ठेका सोडू लागला, हे घरच्यांआधी शेजारी बसणाऱ्या टाळकऱ्याच्या ध्यानात येण्याची शक्यता असते. त्याने ते सांगावे, आणि स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारण्यापूर्वी डॉक्टरांनी थायरॉइड व श्रवण यांची तपासणी करावी, कारण या दोन्ही उपचारयोग्य दोषांमुळेही नेमकी अशीच मंदता दिसू शकते.